कॅमेऱ्याची पाठ

३ जून

प्रिय मामा,

फोन केला की मामी उचलते आणि तू आंघोळीला गेलायस म्हणून सांगते. आत्तापर्यंत अकरा वेळा. एवढ्या आंघोळी तू जन्मात केल्या नसशील. म्हणून पत्र लिहितेय. पत्र आलं की आंघोळीची सबब चालत नाही.

बातमी अशी की तुझी जागा मला दिली आहे. मोठ्या डॉक्टरांनी परवा ड्रेसिंग रूममध्ये येऊन सांगितलं, "सिस्टर, उद्यापासून पेशंटचे फोटो तुम्ही काढायचे. तुमच्या मामांनी बावीस वर्षं काढले, तुमच्याही हातात ते असेलच." म्हणजे हा जसा काही आपल्या घराण्यातला आजार आहे. अकरा वर्षं मी जळालेल्या माणसांच्या पट्ट्या बदलतेय, फोटो कधी वाढदिवसाचासुद्धा धड काढलेला नाही. पण नवीन माणूस मिळत नाही, आणि फोटोंशिवाय ऑपरेशनची आखणी होत नाही. तू जाऊन महिना झाला, तेव्हापासून एकही फोटो निघालेला नाही.

तुझं कपाट उघडलं. कॅमेरा, दोन लेन्स, आणि ते जाडजूड पुस्तक, डिजिटल एसएलआर शिकवणारं. पहिली पंचवीस पानं तू खुणा करून ठेवलीस, पुढची कोरी आहेत. मी सगळं पहिल्यापासून वाचायला घेतलंय. पुस्तक लिहिणाऱ्या गृहस्थांना आयुष्यात काही दुःख दिसत नाही. पानोपानी फुलपाखरं, सूर्यास्त आणि झोपाळ्यावरच्या मुली. 'समोरच्या व्यक्तीशी गप्पा मारा, तिला हसतं करा.' आज मी ज्यांचा फोटो काढला त्यांना ओठ हलवता येत नाहीत.

पहिल्या दिवसाचे चाळीस फोटो असे: बारा काळे, नऊ पांढरे, बाकीच्यांत मागच्या भिंतीवरची खुंटी लख्ख आणि पुढचा माणूस धुरकट. कॅमेऱ्यावरच्या त्या चकतीवर आठ-दहा चिन्हं आहेत, त्यातलं धावणारा माणूस म्हणजे काय? आमच्याकडे कुणी धावत नाही.

आणि मामा, तू असा न सांगता का गेलास? सगळे मलाच विचारतात. मी 'लेकीकडे गेलाय' म्हणते आणि पुढच्या पेशंटकडे वळते.

तुझी,
भिंगरी

११ जून

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

धावणारा माणूस विसर. फूल, डोंगर, चेहरा, सगळी चिन्हं विसर. चकती 'एम'वर आण आणि तिथून हलवू नकोस. शटर एकशे पंचवीस, अ‍ॅपर्चर अकरा, आयएसओ दोनशे. हे आकडे तुझ्या हातावर लिही. आपल्याला सुंदर फोटो नको आहेत, सारखे फोटो हवे आहेत. आज काढलेला आणि सहा महिन्यांनी काढलेला शेजारी ठेवला, तर बदल माणसात दिसला पाहिजे, प्रकाशात नाही. म्हणून अंतर तेच, दिवे तेच, मागे निळा पडदा तोच. फरशीवर मी पिवळी पट्टी चिकटवली आहे, पेशंटची खुर्ची त्यावर. पुसताना कुणी उचकटली असेल तर परत लाव.

खुंटी लख्ख येते कारण फोकसचा ठिपका तू मधल्यामध्ये सोडतेस. बोटाने तो डोळ्यावर ने. चेहरा असेल तर नेहमी डोळा.

पुस्तकातलं चौथं आणि सातवं प्रकरण वाच. बाकीचं सुट्टीवर गेलीस तर वाच.

आता एक नियम, हा पुस्तकात नाही. फोटो निघाला की कॅमेऱ्याच्या पाठीवर तो दिसतो. पेशंटला तो दाखवायचा नाही. मागितला तरी नाही, रडून मागितला तरी नाही. क्लिक झालं की कॅमेरा छातीशी, पाठ तुझ्याकडे. खाली दोन रेघा मारल्या आहेत त्या वाचून सोडून देऊ नकोस. फिल्मच्या काळात हा प्रश्नच नव्हता. रोल लॅबमध्ये जायचा, आठ दिवसांनी डॉक्टरांच्या टेबलावर यायचा. मधे कुणी काही पाहायचं नाही.

मी ठीक आहे. इथे सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. जावईबापू म्हणाले, आता दार उघडल्याचं कळतच नाही, दचकायला होतं. त्यामुळे काल दोन बिजागऱ्यांचं तेल पुसून काढलं.

मी का आलो हे विचारू नकोस. डोळे थकले होते.

मामा

२० जून

प्रिय मामा,

एम, एकशे पंचवीस, अकरा, दोनशे. झोपेतसुद्धा म्हणू शकेन. सरावासाठी टॉवेलचे दोनशे फोटो काढले, मग झाडूवाल्या मावशींच्या हाताचे. मावशी म्हणाल्या, "माझ्या हाताचं ऑपरेशन करायचंय का काय?" पण आता जमतंय. परवा मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी, हे तुला माहीत आहे.

आता एक अडलंय.

आमच्याकडे एक बाई आल्या आहेत. शाळेत विज्ञान शिकवायच्या. गेल्या ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळेत स्पिरिटचा भडका उडाला, त्यात चेहरा, मान आणि बोटं भाजली. तेव्हा त्यांच्या पट्ट्या दुसऱ्या पाळीच्या सिस्टर बदलायच्या, म्हणून माझी ओळख नाही. मधे तीन महिने त्या उपचारांना फिरकल्याच नाहीत, आता उगवल्या. त्यांची एक वरची पापणी आक्रसून वर ओढली गेलीय. डोळा मिटतच नाही. झोपतानाही उघडा. बुब्बुळ कोरडं पडतंय, त्यावर पांढरट साय यायला लागलीय. ऑपरेशन मार्चमध्येच व्हायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आता पापण्यांचे बाहेरचे सर्जन ऑगस्टमध्ये एकच आठवडा येणार आहेत. ते फोटो बघून आधीच यादी ठरवतात. पंधरा जुलैच्या आत फोटो गेले नाहीत, तर बाई त्या यादीत नाहीत. आणि पुढच्या यादीपर्यंत तो डोळा टिकेल असं कुणी म्हणत नाही.

सोमवारी त्यांना पट्टीवरच्या खुर्चीत बसवलं. फार शांत बाई. मी पहिला फोटो काढला, कॅमेरा छातीशी धरला, तू सांगितलंस तसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या.

"नको," म्हणाल्या.

"बाई, पाचच मिनिटं. चार फोटो."

"आधीचे काका कुठे आहेत?"

मी म्हटलं ते निवृत्त झाले. "अस्सं," म्हणाल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. त्या एका फोटोतही त्या वळल्यामुळे नुसता कान आलाय.

तू ओळखतोस का त्यांना? त्यांच्याशी कसं बोलायचं ते सांग. मला दिवसभर दुसरं काही सुचत नाही. पट्टी बांधता बांधता मी दाराकडे बघते, त्या परत आल्या का म्हणून. पेशंट म्हणाला, सिस्टर, माझा हात इकडे आहे.

भिंगरी

२५ जून

चि. भिंगरी,

आशीर्वाद.

बावीस वर्षांत हजारो लोक त्या खुर्चीत बसले. कुणाकुणाला लक्षात ठेवणार. या बाई आठवत नाहीत.

तुझे टॉवेलचे फोटो पाहता आले असते तर बरं झालं असतं. व्हाइट बॅलन्सचं विसरलो होतो सांगायला. ट्यूबलाइटमध्ये कातडी हिरवट येते आणि साध्या बल्बमध्ये पिवळी. राखाडी रंगाचं एक कार्ड बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. प्रत्येक पेशंटच्या आधी त्या कार्डाचा एक फोटो घ्यायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचं की हा राखाडी. मग बाकीचे रंग तो आपोआप सावरतो. कार्ड मळलं असेल तर ओल्या फडक्याने पूस, साबण नको. कार्डाला सुरकुती पडता कामा नये. पडली असेल तर नवीन घे. नवीन कुठे मिळतं ते मोठ्या डॉक्टरांच्या कारकुनाला माहीत आहे.

त्या बाईंचे फोटो दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घे. तू त्यात पडू नकोस. आणि काढायची वेळ आलीच, तर पेशंटच्या डाव्या हाताचा दिवा भिंतीकडे फिरव, सरळ टाकू नकोस. तो डोळा उजेड सोसत नाही, पाणी येतं आणि फोटोत चमक दिसते.

मामा

ता. क. भिंगरी, मी मामी. यांच्या नकळत लिहितेय. तुझं पत्र वाचल्यापासून हा माणूस घरात टिकत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी आणायला जातात आणि दोन तासांनी काडेपेटीशिवाय येतात. तिकडे काय झालं होतं? मला सांगत नाहीत. तुला सांगतील. विचार.

१ जुलै

मामा,

मी त्या बाईंचा कुठला डोळा ते लिहिलं नव्हतं. माझं पत्र परत काढून बघ. 'एक पापणी' एवढंच लिहिलंय. डावा आहे हे तुला कुणी सांगितलं?

तुला त्या पक्क्या आठवतात. आणि मी इथे वेड्यासारखी राखाडी कार्ड पुसत बसले होते.

काल मी त्यांना बसस्टॉपवर गाठलं. ड्रेसिंग रूममधून तशीच ॲप्रन घालून पळाले. म्हटलं, बाई, पंधरा तारीख जवळ येतेय, माझ्यासाठी नका करू, डोळ्यासाठी करा. त्या म्हणाल्या, "आधीच्या काकांनी फेब्रुवारीत मला माझा फोटो दाखवला." एवढंच. बस आली, त्या चढल्या.

मग मला सगळं कळलं. म्हणजे मला तसं वाटतंय. वॉर्डातले आरसे आपण काढून ठेवतो, खिडकीच्या काचांना कागद लावतो, आणि तू त्या बाईसमोर कॅमेरा धरलास? मला दोन रेघा मारून नियम शिकवतोस तो? आणि मग तीन महिने त्या आल्या नाहीत, आणि डोळा आज असा झालाय.

मी चिडून लिहितेय. चिडलेलीच आहे. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. आंघोळीला जाऊ नकोस.

भिंगरी

५ जुलै

भिंगरी,

तुझं बरोबर आहे. दाखवला.

तो दिवस सांगतो. बाईंना येऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत मी त्यांचे सहा वेळा फोटो काढले असतील. पहिल्या पाच वेळा एक शब्द बोलल्या नाहीत. सहाव्यांदा म्हणाल्या, "काका, माझी बहीण म्हणते थोडंसंच झालंय. नर्स म्हणतात छान सुधारणा आहे. डॉक्टर माझ्याशी बोलताना फाइलकडे बघतात. तुम्ही एकटे माझ्याकडे नीट बघता, तेही त्या भोकातून. तुम्हाला काय दिसतं?"

मी म्हटलं, बाई, मला सांगता येत नाही.

"मग दाखवा," म्हणाल्या.

बावीस वर्षांत माझ्याकडे असं मागणारे पुष्कळ झाले. तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं, रोल धुवायला जायचाय. आता उत्तर माझ्या हातातच होतं, बोटाएवढ्या अंतरावर. मी कॅमेरा उलटा केला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. रडल्या नाहीत. बटण कुठलं ते विचारलं आणि स्वतःच मोठं करून पाहिलं, कपाळ, नाक, डोळा. मग कॅमेरा दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आभारी आहे." आणि गेल्या.

मार्चमध्ये त्यांचं ऑपरेशन होतं. त्या दिवशी सकाळपासून मी दिवे लावून बसलो होतो. आल्या नाहीत. दुसरी तारीख दिली, आल्या नाहीत. मी फाइलमधला पत्ता काढून घरी गेलो. त्यांच्या बहिणीने दार फटीएवढं उघडलं. म्हणाली, "तुम्हीच ना तो फोटोवाला? तुमचा फोटो पाहिल्यापासून ती माणसात नाही. आता काय उरलंय म्हणून आलात?" दार लावून घेतलं.

त्यानंतर कॅमेरा हातात धरला की माझा अंगठा आपोआप पाठीवर जायचा, पडदा झाकायला. एकदा पेशंट समोर असताना मी पडद्यावर चिकटपट्टी लावली. मोठे डॉक्टर म्हणाले, काय करताय? त्या आठवड्यात राजीनामा दिला.

मी बाकी काही लपवलेलं नाही. आता तुला माहीत आहे की त्या डोळ्याचं काय होईल ते माझ्यामुळे होईल. डोळा वाचला तर कळव. नाही वाचला तरी कळव.

हे पत्र मामीला वाचायला दिलं. ती म्हणाली, एवढं बोलायला इतके महिने लागले? आणि चहा ठेवायला उठली.

मामा

१२ जुलै

प्रिय मामा,

फोटो गेले. आज सकाळी मी स्वतः पाकीट नेऊन दिलं. आता नीट वाच. मी सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तू मधेच उठून फिरायला जाशील.

तुझं पत्र आठला मिळालं. नऊला मी बाईंच्या शाळेत गेले. त्या अजून रजेवर आहेत, पण शाळेच्या मागे त्यांच्या मैत्रिणीची खोली आहे, तिथे राहतात. दार उघडलं, मी पाणीसुद्धा न मागता सांगून टाकलं, काका तुम्हाला फोटो दाखवल्यामुळे नोकरी सोडून गेले.

त्या खाली बसल्या. "त्यांना असं वाटतंय?" म्हणाल्या.

मामा, त्या फोटोमुळे थांबल्या नव्हत्या. फोटो पाहून त्या घरी गेल्या आणि बहिणीला म्हणाल्या, तू मला चार महिने खोटं सांगितलंस. मोठं भांडण झालं. त्या घर सोडून मैत्रिणीकडे आल्या. दवाखान्याचा निरोप दोन्ही वेळा बहिणीच्या घरी गेला, आणि बहिणीने परस्पर सांगितलं की ती येणार नाही. तिला वाटलं, दवाखान्यानेच हिचं डोकं फिरवलं. तारीख होती हेच बाईंना जूनपर्यंत माहीत नव्हतं.

पण सगळं बहिणीवर ढकलू नये, असं त्याच म्हणाल्या. "मीही चौकशी केली नाही. मी आरसा विकत आणला आणि रोज त्यासमोर बसत होते. या नव्या बाईशी ओळख व्हायला वेळ लागला. रडायचंही राहिलं होतं ते उरकलं."

"मग जूनमध्ये उठून का गेलात?" मी विचारलं.

"तुम्ही कॅमेरा असा धरलात," असं म्हणून त्यांनी दोन्ही हात छातीशी आवळले, "जसं काही त्यात काहीतरी भयंकर आहे. माझ्या बहिणीसारखं. मला वाटलं, पुन्हा तेच सुरू झालं."

तुझा नियम होता, मामा. मी पाळला, आणि त्या उठल्या.

दहाला त्या आल्या. मी म्हटलं, प्रत्येक फोटो तुम्हाला दाखवणार. आणि मग माझ्याकडून गाढवपणा झाला. मला वाटलं, निदान यांचे फोटो जरा बरे यावेत. पुस्तकात चेहऱ्यांचं एक प्रकरण आहे, त्यात म्हटलंय की अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडा, चेहरा मऊ येतो. मी तुझं अकरा सोडून दोन पूर्णांक आठ दशांश ठेवलं, आणि फोटो पांढरा पडू नये म्हणून शटर तेवढं वेगवान केलं. बाजूने काढलेल्या फोटोत नाक लख्ख आलं आणि डावा डोळा धुक्यात गेला. सर्जनना हवी ती पापणीच दिसेना.

बाईंनी पडदा पाहिला. "किती आकडा आहे?" सांगितलं. "आणि आकडा लहान म्हणजे भोक मोठं?" मी म्हटलं, पुस्तकात तसं लिहिलंय, पण उलटं का ते मला कळलेलं नाही, मी पाठ केलंय.

"पाठ करून काय होतं?" असं म्हणाल्या ना, मामा, की मी एकदम सातवीत जाऊन बसले. "सुई आहे का?"

सुया आमच्याकडे ढिगाने. त्यांची बोटं पूर्ण वळत नाहीत, त्यामुळे दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी दवाखान्याच्या तारखा लिहिलेल्या आपल्याच कार्डाला सुईने भोक पाडलं. "चष्मा काढा. भिंतीवरचा तक्ता दिसतो?" चष्म्याशिवाय मला तक्ता आहे हेच दिसत नाही. "आता यातून बघा." बघितलं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं उभी राहिली! त्या म्हणाल्या, "भोक लहान केलं की इकडून तिकडून येणारे किरण आत घुसत नाहीत. उजेड कमी मिळतो, पण जवळचं लांबचं सगळं रेषेत येतं. माझं नाक आणि माझा डोळा दोन्ही हवेत ना? मग सिस्टर, भोक लहान करा. मऊ नको मला."

मग अकरावर आणलं. समोरून, दोन्ही बाजूंनी, वर बघताना, आणि मिटायचा प्रयत्न करताना. प्रत्येक फोटो त्यांनी पाहिला. एक त्यांनी स्वतःच पुन्हा काढायला लावला, हनुवटी तिरकी होती म्हणून. शेवटचा पाहताना मात्र रडू आलं त्यांना. मिटायचा प्रयत्न करतानाचा. उजवा डोळा मिटलेला आणि डावा तसाच टक्क. मी कॅमेरा मागे घ्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. बघते आहे."

त्यांनी तुला निरोप दिलाय. म्हणाल्या, "त्यांना सांगा, त्या दिवशी मी आभार मानले ते खरे होते."

भिंगरी

१६ जुलै

चि. भिंगरी,

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं. पाचव्यांदा मामीने हातातून काढून घेतलं.

निरोप कळला. पण मार्चची तारीख हुकली ती हुकलीच. फोटो पाहिला नसता तर भांडण झालं नसतं, भांडण झालं नसतं तर निरोप मिळाला असता. मी हे दिवसातून पुष्कळदा मोजतो आणि दर वेळी उत्तर माझ्यापाशीच येऊन थांबतं.

यादीचं कळव. पोस्टमन इथे अकराला येतो, मी साडेदहापासून फाटकात असतो.

मामा

१३ ऑगस्ट

प्रिय मामा,

बाई यादीत पहिल्या होत्या. पाच तारखेला ऑपरेशन झालं. कानामागची कातडी काढून पापणीवर लावली आणि जखम धरेपर्यंत दोन्ही पापण्या टाक्यांनी मिटवून ठेवल्या. काल टाके काढले. मी तिथे होते. डॉक्टर म्हणाले, "मिटा." मिटला! केसाएवढी फट राहतेय, तीही जाईल.

आता दुसरं. तुझ्यापासून मी काही झाकणार नाही. बुब्बुळावरचा पांढरा डाग राहणार. डाव्या डोळ्याने त्यांना उजेड आणि माणसाची हालचाल कळेल, अक्षर कळणार नाही. मार्चमध्ये झालं असतं तर कदाचित कळलं असतं. हे त्यांनी डॉक्टरांना स्वतः विचारलं आणि ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उजव्याने वह्या तपासेन. मुलांच्या चुका एका डोळ्यालाही पुरून उरतील."

मानेचं काम व्हायचंय म्हणून त्यांना महिनाभर इथेच ठेवलंय. खाट सात, खिडकीजवळची. त्या दर दोन-तीन दिवसांनी विचारतात, काका येणार आहेत का. मी 'बघू' म्हणते. मामा, मी आता 'बघू' म्हणायची नाही.

भिंगरी

२९ ऑगस्ट

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

परवा मी येऊन गेलो. तुला कळवलं नाही. सकाळची बस धरली. वाटेत दोनदा उतरावंसं वाटलं, एकदा तर पिशवी घेऊन दारापर्यंत आलो. कंडक्टर म्हणाला, आजोबा, तुमचं ठिकाण अजून दीड तास लांब आहे. मग बसलो.

दवाखान्यात मागच्या जिन्याने वर गेलो. तू ड्रेसिंग रूममध्ये होतीस, आवाज ऐकला. कुणाला तरी खडसावत होतीस. वॉर्डाच्या दाराशी थांबलो. सात नंबरवर बाई उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. झोप लागली होती त्यांना. दोन्ही डोळे मिटलेले. डावाही, पूर्ण.

मी तिथेच उभा राहिलो. पाच मिनिटं असेन, कमी असेल. दुखऱ्या माणसाची झोप मोडू नये, आणि मोडून मी बोलणार काय होतो? मला जे बघायचं होतं ते बघून झालं. परतीची बस धरली.

बरं वाटलं एवढंच लिहितो. त्यांना सांगू नकोस.

मामा

१ सप्टेंबर

मामा,

सांगायची गरजच पडली नाही. तू आला होतास हे त्यांनीच मला त्या दिवशी संध्याकाळी सांगितलं. मी म्हटलं, शक्यच नाही, मामा आला असता तर मला भेटल्याशिवाय कसा जाईल? म्हणून तुझ्या पत्राची वाट बघत होते. आता मात्र तुझ्यावर चिडू की काय करू ते कळत नाही.

त्या झोपल्या नव्हत्या.

वही तपासताना दारात सावली हलली, ती त्यांना डाव्या डोळ्याने कळली. मग उजव्याने पाहिलं तर तू. पिशवी दोन्ही हातांत धरून उभा होतास म्हणे, दवाखान्यात पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखा. त्या म्हणाल्या, "सिस्टर, हाक मारणार होते. पण हाक मारून काय बोलणार? म्हटलं, आधी दाखवू या. म्हणून डोळे मिटले. त्यांना नीट बघता यावं म्हणून मनात दोनशेपर्यंत मोजलं. एवढा वेळ मिटून ठेवता येतो हे मलाही माहीत नव्हतं. उघडले तर दारात कुणी नाही."

हसत सांगत होत्या, पण मला त्यांचं तोंड बघवलं नाही.

मानेचं काम झालं, गुरुवारी दुपारी त्यांना सोडणार आहेत. बहीण न्यायला येतेय, त्यांचं आपसात काय ठरलंय ते मी विचारलेलं नाही. सकाळची बस अकराला पोचते. या वेळी पुढच्या जिन्याने ये, आणि त्यांचे डोळे उघडे असोत की मिटलेले, तू आत जा आणि त्यांना हाक मार.

भिंगरी